पोटाचं कातडं

डॉक्टर म्हणाले, अंगठा सैल सोडा, छबूताई.
ह्या अंगठ्याला सैल सोडायला कुणी शिकवलंच नाही.
आठव्या वर्षापासून तो वाद्या ओढतोय,
तीन पदरी, पाच पदरी, सात पदरी.
ओढ ढिली पडली की वेणी उसवते
आणि गिऱ्हाईक पायताण परत आणून आपटतं.
मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले,
गुळाच्या अडतीचं, गेल्या सालचं.
सुई सांध्यात गेली.

दोन दिवस ठणका.
तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं,
भाडं बुडवून रातोरात खोली सोडणाऱ्यागत.
मी भरलं पातेलं उचललं,
पिळे घातले धुण्याला,
रापी धरली, ठेवली, उगाच परत धरली.
त्या आठवड्यात कापशीचे अकरा जोड वेणले.
सुभाषनगरात सगळ्यांना सांगत सुटले, जावा, सुई घ्या.

दीड महिन्यानं बायाक्काला दिसलं आधी.
अंगठ्याच्या मुळाशी, टोचलं तिथंच,
आठाण्याएवढं पांढरं.
मग त्याला शेपूट फुटलं, मनगटाकडं वर,
आणि खालचं मांस बसलं.
बोट ठेवलं तर खळगी.
आतली निळी शीर उघडी,
जशी भिंतीचा गिलावा पडल्यावर वायर दिसते.

कोड, असं कुणी म्हणालं नाही.
फक्त संक्रांतीला एकीनं
वाण माझ्या हातात वरूनच सोडलं.
फक्त निपाणीच्या पाहुण्यांनी विचारलं,
आईच्या हाताला काय झालंय?
आणि तृप्तीनं चहाचा ट्रे माझ्याकडनं काढून घेतला.
हळूच. कुणाला कळू नये असा.
मला कळला.

हे म्हणाले, भाजलंय म्हणून सांग.
भाजल्याची लाज नसते आमच्यात.
सुईची असते होय?

परत गेले दवाखान्यात.
औषध सांध्यात राहायचं, ते जरा वर झिरपलं,
तिथली चरबी विरली, रंग गेला.
वर्षभरात येतो परत, बहुतेकांचा येतो.
'बहुतेकांचा' म्हणताना त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
मी म्हटलं, आधी सांगायचं न्हवं.
कागदावर होतं, म्हणाले, तुमची सही आहे.
होती. माझीच.
दुखऱ्या अंगठ्यानं केलेली, एका बाजूला कललेली.

मी कातड्यातली बाई.
म्हशीला तार कुठं लागली,
गोचीड कुठं बसली,
दाव्यानं मान कुठं घासली,
बोट फिरवून सांगते.
हिरडा, बाभळीची साल, चुना, सगळ्यातनं निघालं तरी
जनावराचं सोसणं कातड्यात राहतंच.
पाठीचं जाड, ते तळाला.
पोटाचं पातळ, ते हळू हातानं धरायचं.
माझ्या पाठीच्या कातड्याला ह्यांनी
एका जागी पोटाचं करून ठेवलं.

सासरे म्हणायचे,
डाग पडला म्हणून कातडं टाकत नसतात,
कुठं लावायचं तेवढं ठरवायचं.
खरंय.
पण ते मेलेल्या कातड्याचं बोलत होते.
मेलेल्या कातड्याला लेक नसते लग्नाची.

आता दर अमावस्येला
दार लावून बसते
आणि पांढऱ्याच्या कडेनं रेघ मारते,
पायताणाचा कान आखायच्या पेन्सिलीनं.
चार महिने रेघेवर रेघ.
आज रेघेच्या आत, मधोमध,
तिळाएवढा तपकिरी ठिपका.
थुंकी लावून पुसला. गेला नाही.

तृप्तीला दाखवला नाही अजून.
सकाळपासून अंगठा परत ठणकतोय,
तेही सांगितलं नाही.
दिवाळीचा माल निम्मा राहिलाय.
सात वाद्या भिजवल्या,
शेंडे दातात धरले
आणि ओढल्या.